सेवक-नेतृत्व म्हणजे नेमकं काय? तालुक्याच्या कचेरीतून समजून घेऊ

तापीकाठच्या एका तालुक्यात मी संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर होतो, तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गर्दी. टेबलापुढे एक म्हातारी उभी होती. मी मान खाली घालून लिहीत होतो. नवे तहसीलदार त्या महिन्यातच रुजू झाले होते. ते मागून येऊन कधी उभे राहिले, मला कळलं नाही. त्यांनी तिला विचारलं, "काय काम शे, माय?"

अहिराणी ऐकून तिचा चेहराच बदलला. "पैसा उना नही, भाऊ. चार खेपा व्हयन्यात."

मला वाटलं, आता रावसाहेब मला सगळ्यांसमोर झापणार, नाहीतर तिला आपल्या दालनात नेऊन स्वतः फोन फिरवणार. माझ्या नोकरीत मी हेच दोन प्रकार पाहिले होते. त्यांनी दोन्ही केलं नाही. तिला बाकावर बसवलं, पाणी द्यायला सांगितलं आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "भाऊसाहेब, हिचं काम तुम्हाला आजच करायचं म्हटलं, तर तुमचं कुठे अडतं?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "काम का झालं नाही?" हे शंभर वेळा ऐकलं होतं. त्याला उत्तरं पाठ होती. "तुमचं कुठे अडतं?" याला उत्तर पाठ नव्हतं, म्हणून मला विचार करावा लागला. विचार केल्यावर कळलं की ज्यांचे पैसे खात्यात न जाता परत येतात त्यांची यादी बँक पाठवते, ती आवक शाखेत नोंदली जाते आणि तिथून माझ्या टेबलावर यायला महिना लागतो. म्हातारीचं आधार खात्याला जोडलेलं नव्हतं. ही एका ओळीची माहिती आमच्याच इमारतीत होती, फक्त दुसऱ्या खोलीत.

ती यादी त्या दिवसापासून थेट माझ्याकडे यायला लागली. रावसाहेबांनी एवढंच केलं. पुढची कामं मी केली.

या वागण्याला व्यवस्थापनाच्या भाषेत सेवक-नेतृत्व म्हणतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तेव्हापासून हा विषय सोप्या भाषेत लिहावा असं मनात होतं, कारण आपल्याकडे या शब्दाचा अर्थ फार चुकीचा लावला जातो.

शब्द कुठून आला

रॉबर्ट ग्रीनलीफ हे अमेरिकेतले गृहस्थ. संत नव्हेत, प्राध्यापकही नव्हेत. एटी अँड टी या अवाढव्य टेलिफोन कंपनीत त्यांनी ३८ वर्षं नोकरी केली आणि माणसं कशी तयार होतात, कशी खचतात हे जवळून पाहिलं. निवृत्तीनंतर, १९७० साली, त्यांनी एका निबंधात ही कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. काही माणसांना आधी अधिकार हवा असतो, सेवा जमली तर नंतर. काहींना आधी सेवा करायची ओढ असते आणि ती नीट करता यावी म्हणून ती पुढारपण स्वीकारतात. बाहेरून दोघंही एकाच खुर्चीत बसलेली दिसतात. फरक कळतो तो हाताखालच्या माणसांकडे पाहिल्यावर.

म्हणून त्यांनी एक कसोटी दिली. ज्यांची सेवा होते आहे, ती माणसं त्यामुळे वाढतात का? अधिक शहाणी, मोकळी, आपल्या पायावर उभी राहणारी होतात का? पुढे तीही दुसऱ्याची सेवा करू लागतात का? आणि समाजात जो सगळ्यांत मागे आहे त्याचं काय होतं? त्याचं भलं होतं का, निदान त्याच्याकडचं आणखी काही हिरावलं तरी जात नाही ना?

आता आपल्या भाषेतली अडचण. मराठीत 'सेवक' म्हटलं की डोळ्यांपुढे शिपाई येतो आणि 'नेता' म्हटलं की व्यासपीठावरचा माणूस. त्यामुळे 'सेवक-नेता' म्हणजे हात जोडून हसणारा, कोणालाही नाही न म्हणणारा, प्रसंगी झाडू हातात घेऊन फोटोत दिसणारा साहेब, असं चित्र तयार होतं. झाडू मारण्यात काही वाईट नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालय सांभाळताना ते मुलांच्या खोल्या स्वतः आवरत, त्यांची बारीकसारीक कामं न सांगता करून ठेवत. पण त्यात दिखावा नव्हता. मुलांच्या मनात काही जागं व्हावं, त्यांनी पुढे स्वतः करावं, हा हेतू होता. झाडू मारून झाल्यावर मुलं बदलली का, हा ग्रीनलीफचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

कचेरीचं तोंड वरच्या दिशेला का असतं

सरकारी कचेरीत हे अवघड का जातं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार पाहू लागला. पुढच्याच वर्षी त्याने धुळ्याला ठाणं केलं. जिल्हाधिकाऱ्याला आपण अजून कलेक्टर म्हणतो. कलेक्ट करणारा, म्हणजे सारा गोळा करणारा. ही यंत्रणा गावाकडून वर पैसा आणि कागद पाठवण्यासाठी उभी केलेली होती. तलाठी सर्कलला उत्तर देणार, सर्कल मामलेदाराला, मामलेदार प्रांताला. या साखळीत गावातल्या माणसाला उत्तर देणारं कोणी नव्हतंच, कारण ते कोणाचं कामच ठरवलेलं नव्हतं.

त्याचा परिणाम १८५२ साली दिसला. नवीन जमीन मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, यावल, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची भीती होती. सरकारने लष्कर आणून तो मोडून काढला. मी नोकरीत असताना त्याच भागात मोजणीची कामं पाहिली आहेत. आजही मोजणीवाला माणूस शेतात शिरला की घरचा कर्ता आधी विचारतो, "हे कशासाठी?" त्याला पाच मिनिटं बसून सांगितलं की तो स्वतःच खुंट धरायला मदत करतो.

स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले, कामं बदलली. वसुलीच्या कचेरीतून पेन्शन, दाखले, नुकसानभरपाई, रेशन कार्ड द्यायला लागलो. पण कारकुनाची मान अजून वरच वळलेली असते. त्याचं गोपनीय अहवालातलं भवितव्य वरच्याच्या हातात, बदली वरच्याच्या हातात, कारणे दाखवा नोटीसही वरूनच येते. समोर उभ्या असलेल्या म्हातारीच्या हातात यातलं काहीच नाही.

फाईल आळसाने अडत नाही, भीतीने अडते

हे मी ठामपणे लिहितो, कारण मी स्वतः फाईली अडवल्या आहेत. पैशासाठी कधीच नाही. भीतीपोटी.

लेखापरीक्षण झालं की पाच वर्षांपूर्वीच्या सहीवर आक्षेप निघतो. तोवर सही करायला लावणारा साहेब तीन जिल्हे पलीकडे गेलेला असतो आणि विभागीय चौकशीला सामोरा जातो तो कारकून. एकदा सहकाऱ्याचं असं झालेलं पाहिलं की बाकीचे सगळे शिकतात. मग फाईलवर 'मार्गदर्शन व्हावे' लिहून ती वर ढकलायची. वरचा 'चर्चा करावी' लिहून खाली पाठवतो. चर्चा होत नाही. फाईल मात्र दोन्ही टेबलांवर 'कार्यवाही सुरू' दिसते.

त्रुटी काढण्याचंही तसंच. अर्ज आला की पहिल्या खेपेला एक कागद कमी सांगायचा, दुसऱ्या खेपेला दुसरा. बाहेरच्यांना वाटतं, हा छळ मुद्दाम चालला आहे. काही ठिकाणी तो मुद्दाम असतोही आणि त्याला माफी नाही. पण बऱ्याचदा कारकुनाला सगळी यादी एकदम लिहून द्यायची भीती वाटते. उद्या साहेबांनी आणखी एखादा कागद मागितला तर "तू लेखी दिलं होतंस" म्हणून तोच सापडेल. या भीतीची किंमत धडगाव-मोलगीकडून पहाटेची एसटी धरून नंदुरबारला येणारा माणूस मोजतो. त्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि भाड्याचे पैसे.

आमच्या रावसाहेबांनी इथे काय केलं, ते सांगतो. प्रत्येक योजनेच्या कागदांची यादी त्यांनी आमच्याकडूनच लिहवून घेतली. आम्ही भांडून, शासन निर्णय काढून ती पक्की केली. मग त्यांनी तिच्यावर स्वतः सही केली, शिक्का मारला आणि भिंतीवर लावली. खाली लिहिलं की या यादीपलीकडे कागद मागायचा असेल तर आदेश मी देईन. त्या एका सहीने आमच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. त्रुटी एकाच वेळी, एकाच कागदावर, लेखी जायला लागल्या. सेवक-नेता पहिली सेवा जनतेची करत नाही, आपल्या माणसांची करतो. टेबलावरच्या माणसाची भीती तो स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणून टेबलापुढच्या माणसाचं काम होतं.

त्यांनी आणखी एक साधी वही सुरू केली. आम्ही तिला खेपांची वही म्हणायचो. माणूस आला की नाव, काम आणि ही कितवी खेप, एवढंच लिहायचं. शुक्रवारी संध्याकाळी ते ती घेऊन बसत. दोनपेक्षा जास्त खेपा झालेली नावं वाचत आणि प्रत्येकाला तोच प्रश्न, "कुठे अडतं?" पहिले दोन शुक्रवार आम्ही खोट्या नोंदी केल्या. तिसऱ्यांदा कळलं की खेपा जास्त निघाल्या तरी कोणाला बोलणी बसत नाहीत. मग वही खरी झाली. खरी माहिती वर जाण्यासाठी आधी खाली विश्वास लागतो, हे मी त्या वहीमुळे शिकलो.

नाही म्हणण्याचं ओझं

सेवा म्हणजे सगळ्यांना हो, असं ज्यांना वाटतं त्यांनी रावेर-यावलकडे मे-जूनमधलं वादळ पाहावं. एका तासात केळीच्या बागा आडव्या होतात. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामे करतात. शासनाची मदत मिळायला नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त असावं लागतं. एकाचं चाळीस टक्के, शेजारच्याचं तीस. बांध एकच. तलाठी त्याच सजेत, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या गावांतच राहतो, त्याला रोज त्याच पारावरून जायचं असतं. तीस टक्के लिहिलं तर गाव तोडतं, चाळीस लिहिलं तर नोकरी जाते.

अशा वेळी मी दोन तऱ्हेचे अधिकारी पाहिले. एक फोनवर म्हणाला, "नियमाप्रमाणे करा", आणि ठेवून दिला. दुसरा स्वतः गावात आला, मंदिराच्या ओट्यावर बसला, नियम काय आहे ते समजावून सांगितलं आणि म्हणाला, "यात ज्यांचं नाव बसत नाही, त्यांना नाही मी म्हणतो आहे. तलाठीआप्पांना दोष देऊ नका." लोक चिडले, बोलले. त्याने दोन तास ऐकून घेतलं. ज्यांना पंचनामाच चुकला असं वाटत होतं, त्यांची नावं घेऊन दुसऱ्या दिवशी फेरपाहणी लावली. तीस टक्केवाल्याला पैसे मिळाले नाहीतच. पण तलाठी त्या गावात ताठ मानेने राहिला, आणि पुढच्या पंचनाम्याला त्याने खरे आकडे लिहिले.

इथेच लोकप्रिय साहेब आणि सेवक-नेता यांच्यातला फरक मला सगळ्यांत जास्त जाणवतो. आपल्याकडे दरबार भरवणारा अधिकारी लोकांना फार आवडतो. तो येतो, अर्ज हातात घेतो, कारकुनाला उभा करून जागेवर निकाल लावतो. टाळ्या पडतात. ज्यांचे अर्ज त्याच्यापर्यंत पोचले त्यांचं खरोखर भलं होतं, हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी टेबलावरची कामं थांबतात, कारण आता प्रत्येकाला साहेबालाच भेटायचं असतं आणि कारकुनालाही वाटतं, मी कशाला निर्णय घेऊ. जो धक्के खात पुढे येऊ शकतो त्याचं काम होतं. जो मागे राहतो तो मागेच राहतो. ग्रीनलीफच्या कसोटीत हा साहेब बसत नाही, मनाने कितीही चांगला असला तरी.

कायदा कुठवर नेतो

कायदे आपल्याकडे चांगले आहेत आणि ते प्रत्येकाला माहीत असायला हवेत. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन आणि कामातला विलंब रोखण्यासाठी २००५ चा कायदा आहे. सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. नागरिकांची सनद लावणंही त्यात आलं. त्यानंतर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. ठरवून दिलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर त्याच खात्यात पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, पुढे आयोगाकडे जाता येतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. अर्ज केला की पोच मागा. पोच नसेल तर यातलं काहीच चालत नाही.

कामाच्या पद्धतीही आपल्याच राज्यात घडल्या आहेत. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना दप्तराची नीट मांडणी करून दाखवली. लखिना पॅटर्न म्हणून ती अजून शिकवतात. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची सहा गठ्ठे पद्धत, काहीच प्रलंबित न ठेवण्याची झिरो पेंडन्सी, ही नावंही कर्मचाऱ्यांना पाठ आहेत.

पण शास्तीच्या धाकाने फाईल हलते, सुटतेच असं नाही. सातव्या दिवशी ती एका टेबलावरून उठून दुसऱ्यावर बसते. कायद्याने दिवस मोजता येतात. म्हातारीचं आधार खात्याला जोडलेलं नाही, हे तिला बसवून विचारावं, असं कोणत्याही कलमात लिहिता येत नाही.

सेवक-नेतृत्व हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने धुळे जिल्ह्यातल्या पांझरेच्या काठी जाऊन फड पद्धत समजून घ्यावी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळे शेतकरी एकच पीक घेणार. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, ही माणसं शेतकऱ्यांनीच नेमायची. कोणी स्वतः उठून आपल्याकडे पाणी वळवायचं नाही. पाण्यावर सगळा ताबा पाटकऱ्याचा, पण तो ताबा त्याला ज्यांनी दिला त्यांच्या शेतांसाठीच. मोठ्या शेतकऱ्यालाही त्याचा शब्द मानावा लागतो. अधिकार आणि सेवा एकाच माणसात कशी नांदतात, हे आपल्या आजोबा-पणजोबांना नांगर धरता धरता कळलं होतं.

सेवेत दूरचं पाहणंही आलं. नंदुरबारला २०२० साली जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारुड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातून आलेले. करोनाची पहिली लाट ओसरत असताना, बाकी सगळे सुटकेचा श्वास घेत होते तेव्हा, त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्लांट उभारायला सुरुवात केली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशभर सिलिंडरसाठी धावाधाव झाली, तेव्हा हा दुर्गम म्हटला जाणारा जिल्हा सावरलेला होता. एवढं मोठं काम प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पण दिवाळीनंतर सातपुड्यातली माणसं ऊसतोडीला गुजरातकडे जाणार, हे प्रत्येक नायब तहसीलदाराला माहीत असतं. दाखल्यांचं शिबिर जानेवारीत घ्यायचं की दसऱ्याच्या आधी, एवढा निर्णय तर त्याच्या हातात असतो. जानेवारीत घेतलेल्या शिबिराचे फोटो चांगले येतात. पाडे मात्र रिकामे असतात.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. रिक्त जागा भरल्या नाहीत तर चांगुलपणा पुरत नाही. एका तलाठ्याकडे तीन सजा असतील तर त्याची भीती घालवूनही दिवसाचे तास वाढत नाहीत. ऐकणाऱ्या साहेबाचा काही जण गैरफायदा घेतात, तेव्हा कठोर व्हावंच लागतं. आमच्या रावसाहेबांनी एका कर्मचाऱ्यावर कारवाई केली होती, पैसे मागितल्याबद्दल, आणि ती करताना त्यांचा आवाज चढला नव्हता. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन आजारी पडलेले अधिकारीही मी पाहिले. त्यांनी कामं वाटली नव्हती, फक्त वाहिली होती.

साधारण तीन वर्षांनी बदली ठरलेलीच. आमच्या रावसाहेबांचीही झाली. नवे साहेब वेगळ्या स्वभावाचे होते, शुक्रवारची बैठक बंद पडली. भिंतीवरची यादी राहिली. खेपांची वही आम्ही आमच्यापुरती चालू ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात ती म्हातारी पुन्हा आली. सोबत गल्लीतली एक तरुण विधवा, कडेवर पोर. माझ्या टेबलावर तेव्हा नवीन लागलेला मुलगा बसायला लागला होता आणि मी बाजूला बसून त्याला शिकवत होतो. म्हातारीने भिंतीवरच्या यादीकडे एकदा पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद किती ते तिला ठाऊक होतं. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. आधार, बँकेचं पुस्तक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पोराच्या जन्माचा. मग त्या मुलाच्या हाताखालची वही बोटाने दाखवून म्हणाली, "इन्हं नाव लिखी ल्या, भाऊ. पहिली खेप शे."